पडतो जरा!

वसईत झोपणारा माणूस सापडणं कठीण आहे. इथे माणसं पडतात, लवंडतात, कलंडतात, आडवी होतात, पाठ टेकतात, अंग टाकतात. पण 'मी आता झोपायला जातो' असं उघड तोंडाने सांगणारा वसईकर माझ्या तरी पाहण्यात नाही. दुपारी अडीचला कुणालाही फोन करून पाहा. बराच वेळ घंटी वाजते, मग फोन उचलला जातो. पहिले दोन शब्द घशातच राहतात, तिसरा खोकल्याबरोबर बाहेर येतो. 'झोपला होतात का?' या प्रश्नाचं उत्तर मात्र तयार असतं: 'छे छे! जागाच होतो. जरा पडलो होतो.' गालावर उशीच्या अभ्र्याची वेलबुट्टी उठलेली असते, पण ती फोनवर दिसत नाही. व्हिडिओ कॉल आल्यापासून तीही सोय गेली.

हा एकट्या वसईचा गुण नव्हे, सगळ्या मराठी मुलखाचा आहे. माणूस पगाराचा आकडा एक वेळ सांगेल, साखर किती वाढली ते तर विचारायच्या आधी सांगेल, पण दुपारी दोन तास झोपलो हे कबूल करणार नाही. वसईत हे जरा जास्त उठून दिसतं, कारण इथे झोप मुळातच कमी. जी वस्तू कमी, तिची लपवाछपवी जास्त.

बरं, या शब्दांत कोण कुठला कधी वापरतो हेही ठरलेलं आहे. 'पडतो जरा' यात मुदत सांगायची नसते. 'जरा' म्हणजे पाच मिनिटांपासून दिवेलागणीपर्यंत काहीही. घरात बायको कामाला जुंपलेली असेल तर 'पडतो' चालत नाही, तिथे 'पाठ टेकतो' म्हणावं लागतं. त्यात थोडं दुखणं ऐकू येतं. जेवण अंगावर आलं असेल तर 'आडवा होतो'. पाहुणे बसलेले असताना नुसतं 'लवंडतो', म्हणजे बोला तुम्ही, मी ऐकतोय. ज्यांना अगदीच अपराधी वाटतं त्यांच्यासाठी 'वामकुक्षी' आहे. डाव्या कुशीवर झोपलं आणि संस्कृतात सांगितलं की आळसाचं आरोग्य होतं. 'डोळा लागला' यात तर माणूस पूर्ण निर्दोष सुटतो. जे काही केलं ते डोळ्याने केलं. 'अंथरूण धरतो' एवढं मात्र चुकून म्हणू नका. लोक मोसंबी घेऊन भेटायला येतील.

आणखी एक गोष्ट. हे सगळे गुळमुळीत शब्द आपण आपल्यापुरते ठेवलेले आहेत. दुसऱ्याच्या झोपेसाठी वेगळं खातं आहे. मी पडतो, पण जावई ताणून देतो. मी पाठ टेकतो, पण धाकटा भाऊ घोरत पडतो. माझा डोळा लागतो. मुलगा मात्र लोळत असतो, आणि तेही अकरा वाजेपर्यंत. 'ढाराढूर' हा शब्द स्वतःबद्दल वापरणारा माणूस शोधून आणणाऱ्याला माझ्याकडून आगाशीची सुकेळी.

बायकांच्या वाट्याला तर 'पडणं'ही येत नाही. आमची ताई दुपारी 'जरा टेकते' म्हणते. टेकते म्हणजे कोचाच्या कडेवर बसते. पाठ पूर्ण लागत नाही, पाय वर जात नाहीत, एका हातात नॅपकिन असतो. डोळे मिटायच्या आधी ती बजावते, 'कुकरची तिसरी शिट्टी झाली की हाक मार.' आणि हाक मारायची वेळ कधी येत नाही, कारण दुसऱ्या शिट्टीला ती उठलेली असते. उठल्यावर पहिलं वाक्य हेच, की मी काही झोपले नव्हते. तिच्या बाबतीत ते खरं असतं.

ही सगळी जुनी घडी आमच्या भाच्याने विस्कटली. त्याला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. रात्रपाळी. लोक कामावरून घरी परततात तेव्हा हा डबा घेऊन निघतो, आणि लोक सकाळच्या फास्टसाठी धावत असतात तेव्हा कंपनीची गाडी याला दारात सोडून जाते. पगार चांगला, पण घड्याळ अमेरिकेचं. तिथल्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याचं इंग्रजी तिकडचं झालं, आणि तिकडच्या इंग्रजीत झोपायला जाण्याचे जे प्रकार आहेत ते त्याच्याबरोबर आमच्या घरात शिरले.

एके सकाळी तो दारातच फोनवर कुणाला तरी म्हणाला, 'ओके ब्रो, आय ॲम गोइंग टू हिट द बेड नाऊ.' आजी ओटीवर लसूण सोलत बसली होती. तिला यातले दोनच शब्द कळले, पण दोन्ही कामाचे होते. ती आतल्या दिशेने ओरडली, 'अगं, पोरगा बेडवर हिट मारतोय गं!'

ताई तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आली. 'अरे थांब थांब! आधी चादर-उशा बाहेर काढ. खिडकी लाव. मारलंस की बाहेर ये, आणि पंधरा मिनिटं दार उघडू नकोस.'

'मम्मी, मला झोपायचंय.'

'मग आत्ता कशाला मारतोस? त्या वासात झोपलास तर डासांच्या आधी तू जाशील.'

आजीने फडताळाकडे बोट दाखवलं. 'डास असले तर काळा घे. लाल झुरळांचा.'

ज्यांचं वास्तव्य दक्षिण मुंबईच्या विसाव्या मजल्यावर आहे त्यांना हा प्रसंग कळायचा नाही. वसईत अंधार पडला की एका बाजूने खाजण, दुसऱ्या बाजूने वाडी आणि मधून गटार, अशी डासांची तीन दिशांनी चाल असते. झोपायला जाण्याआधी इथे खरोखरच मारामारी करावी लागते. फवारा असतो, कॉइल असते, मच्छरदाणी असते, आणि आता ती चार्जिंगची रॅकेट आली आहे. रात्री दहाच्या सुमाराला आमच्या आळीतून चालत गेलात तर घराघरांतून 'फट्ट, फट्ट' असा आवाज ऐकू येतो. तेव्हा अंथरुणाला 'हिट' करणं हा वाक्प्रचार अमेरिकेत उगाच बोलला जात असेल, वसईत तो नित्यकर्म आहे.

पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, 'आय विल हिट द सॅक.' आता सॅक म्हणजे आमच्याकडे पाठीवरची पिशवी. ताईने घाईने विचारलं, 'सॅकमध्ये पण झुरळं झाली? डबा काढून ठेवलास ना आधी?' मग एकदा म्हणाला, 'आय ॲम सो टायर्ड, आय विल जस्ट क्रॅश.' त्यावर त्याच्या आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता शेरा मारला, 'मागच्या महिन्यात कॉम्प्युटर झाला, आता हा. दुरुस्ती तरी किती करायची?'

शेवटी घरातला शिकलेला माणूस म्हणून खुलासा करण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी सांगितलं की अमेरिकेत पूर्वी कापसाची गादी सगळ्यांना परवडायची नाही. गोणपाटाच्या किंवा जाड कापडाच्या पोत्यात पेंढा भरायचा, की झाली गादी. म्हणून झोपायला जाणं म्हणजे पोत्यावर पडणं, नाहीतर पेंढ्यावर पडणं. 'हिट द हे' हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे रूढ झालं, आणि 'सॅक' दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला सैनिकांच्या तोंडी बसलं.

आजीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'पेंढ्याला मारायचं आणि मग झोपायचं, यात नवीन काय आहे? झोडणी करायचो तेव्हा आम्ही दुसरं काय करत होतो?'

तिचं म्हणणं बिनतोड होतं. वसईच्या पूर्वेला अजूनही भात होतं. कापणी झाली की भारे खळ्यावर येतात आणि ते झोडावे लागतात. दोन्ही हातांनी पेंढी धरायची, डोक्यावरून फिरवायची आणि फळीवर आपटायची. दाणे खाली, पेंढा बाजूला. दिवसभर हे केल्यावर रात्री माणूस अंथरुणापर्यंत जातच नाही. खळ्यातच, राखणीच्या निमित्ताने, त्याच पेंढ्यात आडवा होतो. कोशकारांनी काहीही लिहिलेलं असो, 'हिट द हे'चा याहून सरळ अर्थ मला अजून कुठे मिळालेला नाही. आणि ती झोप आमच्या भाच्याला वातानुकूलित खोलीत, कानात बोळे घालूनही येत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतात, त्यामुळे बायबल तोंडपाठ. त्यांना भाच्याने सांगितलं की इंग्रज लोक झोपायला 'लँड ऑफ नॉड'ला जातात. मास्तर एकदम गंभीर झाले. म्हणाले, 'अरे, ती जागा मला ठाऊक आहे. उत्पत्तीचा चौथा अध्याय. काइनाने भाऊ मारला, देवाने त्याला हाकलला, तेव्हा तो तिथे जाऊन राहिला. ती शिक्षा होती रे! ही माणसं तिथे रोज रात्री आपल्या पायाने जातात?'

यात दोष बायबलचा नाही. इंग्रजीत पेंगताना मान हलते त्यालाही 'नॉड'च म्हणतात. तो योगायोग हेरून जोनाथन स्विफ्टने 1738 साली छापलेल्या एका पुस्तकात 'नॉडच्या मुलखाला चाललो' असा विनोद करून टाकला, आणि खुन्याच्या हद्दपारीचं ठिकाण इंग्रजी पोरांच्या अंगाईत जाऊन बसलं. मास्तरांना हे पटलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मुलांना काइनाची गोष्ट सांगितली आणि शेवटी विचारलं, 'काइन नोद देशात का गेला?' मागच्या बाकावरून उत्तर आलं, 'झोप आली म्हणून.' भाच्याला आता त्यांच्या गेटातून आत घेत नाहीत.

इंग्रजांचा आणखी एक प्रकार आहे. 'लाकडी टेकडी चढून बेडफर्डशायरला जाणं.' लाकडी टेकडी म्हणजे जिना, आणि बेडफर्डशायर हा इंग्लंडमधला एक खरा परगणा; नावात 'बेड' आहे एवढ्याच भांडवलावर तो झोपेच्या खात्यात जमा झाला. व्हेरा लिन या प्रसिद्ध गायिकेने 1936 साली त्यावर गाणंसुद्धा म्हटलं. आमच्या जुन्या घरांतही लाकडी जिना होता, पण तो चढून गेलं की माळा लागायचा, आणि माळ्यावर भाताच्या कणग्या, कांद्याच्या माळा आणि एखादा रुसलेला पाहुणा. तिथे झोप कसली?

इतिहासात डोकावलं तर वसईला इंग्रजी भाषेच्या आधी इंग्रजी करार भेटला. आणि त्यातही माझ्या मते झोपेचा भाग आहे. चिमाजी अप्पांनी 1739च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा मराठे जागे होते. इतके जागे की चर्चच्या मोठमोठ्या घंटाही त्यांनी नेल्या. एक आज नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे. मग 31 डिसेंबर 1802 रोजी त्याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. शत्रूंनी दमवलं होतं, पुणं सोडून पळावं लागलं होतं, इंग्रज म्हणाला आम्ही फौज देतो, तुम्ही निवांत राहा. पेशवे म्हणाले असतील, 'बघा बुवा तुम्ही, मी जरा पडतो.' त्या 'जरा'ची मुदत 1818 साली संपली. जाग आली तेव्हा शनिवारवाड्यावर दुसऱ्याचं निशाण होतं. म्हणून मी म्हणतो, 'जरा' हा शब्द जपून वापरावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वसई झोपते केव्हा?

एका वेळी झोपतच नाही. इथे झोप पाळीपाळीने चालते. रात्री साडेआठला वाडीतल्या घरांचे दिवे मालवतात, कारण मोगरा, चाफा आणि भाजी पहाटेच्या आत गाडीवर चढली पाहिजे. फुलं दादरच्या बाजारात उशिरा पोचली तर त्यांना विचारतो कोण? त्याच साडेआठला स्टेशनवर मुंबईहून आलेल्या गर्दीचा पूर बाहेर पडत असतो. या लोकांचं जेवण दहाला, टीव्ही अकरापर्यंत. भाचा त्या वेळी लॉगिन करून कुणा परक्या माणसाच्या बिलाची चूक समजून घेत असतो. पाचूबंदरला आणि अर्नाळ्याला तर घड्याळालाही मान नाही. तिथे झोप भरती-ओहोटी ठरवते, आणि भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. मासेमारीला जाणाऱ्या माणसाला 'तुम्ही किती वाजता झोपता?' विचारलंत तर तो आधी 'तिथी कोणती?' असं विचारील.

अशा गावात 'गुड नाईट' कुणी कुणाला म्हणायचं? मी पूर्वी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेदहाला चंद्राचं चित्र टाकून म्हणायचो. एका दूधवाल्याने उलट लिहिलं, 'साहेब, मी आत्ता उठायच्या बेतात आहे.' त्यावर भाच्याने टाकलं, 'गुड मॉर्निंग फ्रॉम टेक्सास.' दोघांच्या मध्ये चंद्र तसाच राहिला.

या सगळ्या जातिधर्मांना, पाळ्यांना आणि पगारांना एकत्र आणणारं झोपेचं एकच ठिकाण वसईत आहे, आणि ते म्हणजे लोकल. विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली 1867च्या एप्रिलमध्ये. तेव्हा दिवसाला एक गाडी जायची आणि एक यायची. त्या गाडीत लोक झोपत असतील की नाही कोण जाणे. बहुधा बाहेर बघत असतील, कारण तेव्हा बघण्यासारखं काही तरी होतं. आज चर्चगेट ते वसई रोड हे सुमारे 52 किलोमीटरचं अंतर म्हणजे वसईकराच्या दिवसातली एकमेव हक्काची झोप आहे. त्यासाठी तो काय काय करतो! सकाळी वसईला गाडीत शिरायला जागा नसते, तर तो उलट्या दिशेने विरारला जातो आणि त्याच गाडीत बसून परत येतो. याला 'रिटर्न मारणं' म्हणतात. अर्धा तास जास्त घालवायचा, घरून अर्धा तास आधी उठायचं, कशासाठी? बसून झोपता यावं म्हणून. झोपेसाठी झोपमोड करणारा हा हिशेब बाहेरच्या माणसाला पटवून देता येत नाही.

गाडीतल्या झोपेला तर शब्दही नाही. तिथे कुणी 'पडतो' म्हणू शकत नाही. पडायला जागा लागते. 'पाठ टेकतो' ही चैन फक्त खिडकीजवळच्याला. चौथ्या सीटवरच्या माणसाचा अर्धा देह सीटवर आणि अर्धा हवेत असतो, आणि तोही झोपतो. हे मी जवळून पाहिलं आहे. आधी तो बॅग मांडीवर आडवी घेतो आणि तिच्या बंदात मनगट अडकवतो. मग चष्मा काढून खिशात. मग मोबाइलवर काही तरी वाचत असल्याचं दोन मिनिटं नाटक, कारण इथेही एकदम झोपणं बरं दिसत नाही. दहिसर गेलं की हनुवटी छातीला लागते. मान डावीकडे जाते, शेजाऱ्याच्या खांद्याला टेकते, शेजारी खांदा उडवतो, मान सरळ होते, 'सॉरी' असं झोपेतच म्हणते, आणि उजवीकडे जाते. उजवीकडचाही झोपलेला असला तर दोन मानांचा तोल बरोबर साधतो. पलीकडे भजन चाललेलं असतं, टाळ वाजत असतात, पत्त्यांवर हातोहात आवाज होत असतो. काही फरक पडत नाही. घरी टाचणी पडली तरी जागा होणारा हाच गृहस्थ असतो.

बायकांच्या डब्यात हेही नाही. लेडीज स्पेशल 1992च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि 1993 साली विरारपर्यंत आली. पुरुष समजले की आता बायका आरामात झोपून येतील. बायकांनी त्या गाडीत गवार मोडली, मटार सोलले, हळदीकुंकू केलं, डोहाळजेवणं केली. टेकल्या त्या टेकल्याच.

बरं, झोपलेल्या वसईकराला उतरायचं कसं कळतं? गाडीत घोषणा होते, पण ती कुणी ऐकत नाही. खरी व्यवस्था पुलाची आहे. भाईंदर सुटलं की गाडी वसईच्या खाडीवर येते. रुळांखालची जमीन जाते आणि चाकांचा आवाज एकदम पोकळ, घणघणीत होतो. सबंध डब्यातल्या पापण्या एकदा हलतात. मग मध्ये पाणजू बेट लागतं, आवाज पुन्हा दबतो, पापण्या पुन्हा मिटतात. लगेच दुसरा पूल, पुन्हा घणघण. आता मात्र चष्मे बाहेर निघतात आणि लोक उभे राहू लागतात. थोडी झोप आणखी देऊन पुन्हा उठवणारं 'स्नूझ'चं घड्याळ अमेरिकन कंपनीने 1956 साली बाजारात आणलं म्हणतात. आमच्याकडे रेल्वेने एक बेट मध्ये ठेवून ती सोय कितीतरी आधी करून ठेवली होती. ती एकदा चुकली की माणूस थेट विरारच्या कारशेडमध्ये जागा होतो, आणि घरी सांगतो, 'गाडी लेट होती.'

देवांचं मात्र बरं आहे. आषाढी एकादशीला विष्णू झोपतो ते कार्तिकी एकादशीला उठतो. चार महिने. तिथी आधी जाहीर, पंचांगात छापलेली, लाखो लोक पंढरपूरला चालत जातात, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. ढाराढूर झोपण्याची ही उघड सवलत एकट्या देवाला आहे. भक्तांना काकड आरतीला उठावं लागतं. वसईच्या चर्चमधलंही तेच. रविवारच्या सकाळच्या मिस्सेला, मराठीतलं प्रवचन रंगात आलं की मागच्या रांगांमध्ये बऱ्याच मानांना नोद देशाचं बोलावणं येतं. माना खाली जातात त्या प्रार्थनेत की कशात, हे फादरांना वरून बरोबर दिसत असतं. कीर्तनकारांनाही दिसतं. दोघेही काही बोलत नाहीत, कारण ही माणसं पहाटे किती वाजता उठली आहेत ते दोघांनाही ठाऊक असतं.

भाच्याबद्दल सांगायचं राहिलं. अमेरिकन गिऱ्हाइकांबरोबर वर्षभर काढल्यावर त्याचं इंग्रजी आणखी सुधारलं, पण झोपेच्या बाबतीत तो मूळपदावर आला. परवा सकाळी त्याच्या बॉसचा फोन आला तेव्हा तो गाढ होता. ताईने मोबाइल त्याच्या कानाला लावला. तो डोळे न उघडता म्हणाला, 'नो सर, नॉट स्लीपिंग सर. जस्ट लाइंग डाउन.' हे इंग्रजीतलं 'पडलो होतो' ऐकून आजी कशी खूश झाली! तिच्या मते पोराला आता भाषा आली.

माझा निकाल असा, की आपल्या या सगळ्या आडवळणांना खोटेपणा म्हणू नये. झोप ज्याला पोटभर मिळते तो तिच्याबद्दल सरळ बोलतो. ज्याला ती पुलापासून पुलापर्यंत, दोन शिट्ट्यांच्या मध्ये, किंवा भरतीच्या हिशेबाने मिळते, तो तिला दहा नावांखाली लपवून ठेवणारच. तेव्हा कुणी 'जरा टेकते' म्हणाली तर कुकरकडे तुम्ही बघा, आणि तिसऱ्या शिट्टीला गॅसही तुम्हीच बंद करा. आणि गाडीत कुणा अनोळखी वसईकराची मान तुमच्या खांद्यावर आली तर निदान नायगावपर्यंत खांदा उडवू नका. नायगाव सुटलं की कोपराने एकदा ढोसा. भाईंदरला ढोसू नका; तेवढी खाडी त्याच्या हक्काची आहे.